औषधाची इजा आणि भरपाईचा प्रश्न



औषधाने व्याधी दूर होते, तशी कधी कधी औषधानेच नवी व्याधी जडते, ही गोष्ट वैद्यकाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. त्या मानाने अशा व्याधीबद्दल कोणाकडून तरी भरपाई मागता यावी ही कल्पना फारच अलीकडची. आपल्या देशात तर ती अजून धड रुजलेली नाही. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले, रीतसर दुकानातून घेतलेले औषध एखाद्याच्या शरीराला बाधले, तर कायदा त्याला काय देऊ शकतो आणि काय देऊ शकत नाही?

या प्रश्नाचा विचार दिल्लीच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. औषधांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे मुख्यालय तेथे कोटला मार्गावर आहे. औषधांच्या अनिष्ट परिणामांची देशभरची नोंद दिल्लीलगतच्या गाझियाबादेत होते. ग्राहकांचे दावे अखेरीस ज्या राष्ट्रीय आयोगापुढे जातात तो दिल्लीतच आहे, आणि त्याच्यावरचे सर्वोच्च न्यायालयही तेथेच. पीडित माणसाला ठोठावावी लागणारी जवळजवळ सर्व दारे अशी एकाच महानगरात आहेत. तरीही दिल्लीत राहणाऱ्या रुग्णाला न्याय मुंबईच्या वा नागपूरच्या रुग्णापेक्षा सुलभ झाला आहे, असे म्हणता येत नाही. अडचण अंतराची नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

औषधाने होणारी इजा तीन वाटांनी येते. औषध मुळातच सदोष बनवलेले असते, किंवा चांगले औषध चुकीच्या रीतीने दिले जाते, किंवा औषध निर्दोष, देण्याची रीतही निर्दोष, आणि तरी इजा होते. पहिल्या दोन प्रकारांत कोणाची तरी चूक असते. तिसऱ्यात ती शोधूनही सापडत नाही. खरा ‘दुष्परिणाम’ म्हणायचा तो हाच, आणि कायदा नेमका येथेच अडखळतो.

पहिल्या प्रकाराची दोन उदाहरणे महाराष्ट्राला आणि दिल्लीला विसरता येण्यासारखी नाहीत. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची जी चौकशी केली, तीत औषध प्रशासनाची पोखरलेली अवस्था उघड झाली. पुढे १९९८ च्या एप्रिल ते जून या काळात गुडगाव व आसपासची छत्तीस लहान मुले मूत्रपिंडे निकामी झालेल्या स्थितीत दिल्लीच्या दोन रुग्णालयांत दाखल झाली. त्यांतील तेहतीस मुले वाचू शकली नाहीत. तपासाअंती खोकल्याच्या औषधात तेच द्रव्य सापडले. बारा वर्षांपूर्वी मुंबईत जे घडले होते, त्यापासून गुडगावपर्यंत काहीही पोहोचले नव्हते.

अशा प्रकरणांत शिक्षेची तरतूद आहे, पण भरपाईची? १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम उत्पादकाचा परवाना रद्द करू शकतो, त्याला तुरुंगात पाठवू शकतो. पीडिताच्या हातात काही पडावे अशी तरतूद मात्र त्यात अनेक दशके नव्हती. २००८ च्या दुरुस्तीने ती अंशतः आली. भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू वा गंभीर इजा झाली, तर दोषी ठरलेल्याला किमान दहा लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड व्हावा, आणि वसूल झालेला तो दंड पीडिताला किंवा त्याच्या वारसांना मिळावा, अशी ती योजना आहे. तरतूद स्तुत्य आहे, परंतु तिची वाट फौजदारी खटल्याच्या निकालातून जाते. आरोपी सुटला तर भरपाईही सुटली. शिवाय औषध भेसळयुक्त किंवा बनावट असले पाहिजे. प्रमाणित कारखान्यात, प्रमाणानुसार बनलेल्या गोळीने कोणाचे यकृत निकामी झाले तर या कलमाचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण कोलकात्याचे असले, तरी त्याची मोठी लढाई दिल्लीत लढली गेली. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. कुणाल साहा १९९८ साली पत्नीसह कोलकात्यास आले होते. तेथे पत्नीला ताप आला व अंगावर पुरळ उठले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना डेपो-मेड्रॉल हे स्टेरॉइड जातीचे औषध ८० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून दोनदा टोचण्यास सांगितले. हे औषध शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे असल्यामुळे एका मात्रेनंतर निदान एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, असे उत्पादकाच्याच माहितीपत्रकात म्हटलेले होते. अंगावरची त्वचा सोलून निघण्याची भयंकर अवस्था पुढे उद्भवली. शेवटी त्यांना विमानाने मुंबईस आणून ब्रीच कँडी रुग्णालयात ठेवण्यात आले, आणि मे १९९८ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

डॉ. साहांनी १९९९ मध्ये राष्ट्रीय आयोगापुढे सुमारे ७७ कोटी रुपयांचा दावा दाखल केला. आयोगाने २००६ साली तो फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हा निर्णय फिरवला, निष्काळजीपणा झाल्याचा निष्कर्ष काढला आणि केवळ रक्कम ठरवण्यासाठी प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. आयोगाने २०११ मध्ये जी रक्कम ठरवली ती न्यायालयाला अपुरी वाटली, आणि २४ ऑक्टोबर २०१३ रोजी भरपाई ६ कोटी ८ लाख रुपये, त्यावर तक्रारीच्या दिनांकापासून सहा टक्के व्याज, अशी निश्चित झाली. व्याज धरून ती अकरा कोटींच्या घरात गेली. वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल एवढी रक्कम देशात त्यापूर्वी कोणालाही मिळालेली नव्हती.

या खटल्याचे दाखले रकमेसाठी दिले जातात. त्यापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी त्यात आहेत. पहिली ही की, तक्रारदार स्वतः डॉक्टर होता. औषधशास्त्राचे ग्रंथ उघडून, परदेशी तज्ज्ञांची मते मिळवून, चौदा वर्षे तो वाद घालू शकला. करोल बागेत दुकान चालवणाऱ्याला किंवा फरीदाबादच्या कारखान्यातील कामगाराला हे साधेल काय? दुसरी गोष्ट अशी की, या खटल्यात औषधाचा उत्पादक प्रतिवादी नव्हता. त्याचे माहितीपत्रक उलट डॉक्टरांविरुद्ध साक्षीला आले. औषधात जे लिहिले होते ते डॉक्टरांनी पाळले नाही, म्हणून दोष सिद्ध झाला. आता कल्पना करावी की डॉक्टरांनी अक्षरशः माहितीपत्रकाप्रमाणे मात्रा दिली असती आणि तरीही रुग्ण दगावला असता. दावा उभा राहण्यास मग जागाच उरली नसती.

येथून तिसऱ्या प्रकाराला आरंभ होतो. स्ट्रेप्टोमायसिनने क्षय बरा होतो आणि काहींना त्यानेच बहिरेपण येते. अपस्माराच्या काही औषधांनी हजारोंचे झटके थांबतात आणि एखाद्याची कातडी भाजल्यासारखी सुटते. कोणाच्या वाट्याला काय येईल हे बहुधा आधी सांगता येत नाही. अशा रुग्णाने न्यायालयात जावयाचे ठरवले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो कार्यकारणाचा. इजा या औषधानेच झाली, मूळ रोगाने नव्हे, बरोबर घेतलेल्या दुसऱ्या गोळीनेही नव्हे, हे सिद्ध कसे करावयाचे?

वैद्यकाने यासाठी काही कसोट्या बसवल्या आहेत. औषध घेतल्यानंतर किती काळाने लक्षणे दिसली, ते बंद केल्यावर ती ओसरली काय, पुन्हा दिल्यास परतली काय, इतर कारण संभवते काय, असे प्रश्न विचारून गुण दिले जातात. नारांहो यांनी १९८१ साली तयार केलेली दहा प्रश्नांची कसोटी यासाठी जगभर वापरतात. तीत नऊ किंवा अधिक गुण मिळाले तर संबंध ‘निश्चित’, पाच ते आठ मिळाले तर ‘संभवनीय’, त्याखाली ‘शक्य’. पण ‘निश्चित’पर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा तेच औषध रुग्णाला पुन्हा देऊन पाहावे लागते, आणि ज्याची कातडी एकदा सोलून निघाली त्याच्यावर हा प्रयोग कोणता डॉक्टर करील? त्यामुळे गंभीर इजेच्या बाबतीत शास्त्राचे उत्तर प्रायः ‘संभवनीय’ येथेच थांबते. दिवाणी न्यायाला तेवढे पुरावयास हरकत नाही, कारण तेथे संशयातीत पुराव्याची नव्हे, तर संभाव्यतेच्या पारड्याची कसोटी असते. प्रत्यक्षात मात्र प्रतिपक्षाचा वकील ‘संभवनीय म्हणजे सिद्ध नव्हे’ असे म्हणतो आणि पुष्कळदा ते ऐकले जाते.

या शास्त्रीय निर्णयाची सरकारी यंत्रणा उपलब्ध आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. औषधांच्या अनिष्ट परिणामांवर देखरेख ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत सुरू झाला आणि पुढल्याच वर्षी तो गाझियाबादच्या भारतीय भेषजसंहिता आयोगाकडे सोपवण्यात आला. देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील केंद्रे त्याला जोडलेली आहेत. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांच्याप्रमाणे रुग्णही तेथे कळवू शकतो, आणि त्यासाठीचा नमुना प्रादेशिक भाषांतूनही काढलेला आहे. मात्र त्या नमुन्यावरच असे स्पष्ट लिहिलेले असते की, कळवणे म्हणजे डॉक्टरने, उत्पादकाने वा औषधाने इजा केल्याची कबुली नव्हे. डॉक्टरांनी न भिता कळवावे यासाठी हे आवश्यकच आहे. पण परिणाम असा होतो की, गाझियाबादेत जमा होणारी माहिती पुढच्या रुग्णांचे रक्षण करते, ज्याला इजा झाली त्याच्या पदरात मात्र तीतून काही पडत नाही.

पुढची अडचण अगदी साधी, बाजारातली आहे. एकच औषध आपल्या देशात अनेक उत्पादक निरनिराळ्या नावांनी विकतात. रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाचे उदाहरण बोलके आहे. हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसल्यावर मूळ कंपनीने २००४ साली ते जगभरातून मागे घेतले आणि त्याच वर्षाअखेर भारतानेही त्यावर बंदी घातली. अमेरिकेत मूळ कंपनीने २००७ मध्ये दावेदारांसाठी ४८५ कोटी डॉलरची तडजोड केली. भारतात हेच औषध अनेक कंपन्यांनी आपापल्या नावाने विकले होते. येथील रुग्णाने दावा कोणावर लावावयाचा? त्यासाठी गोळी कोणत्या कंपनीची, कोणत्या बॅचची, हे दाखवणारी पावती हवी, आणि पावती मागण्याची सवय ना ग्राहकाला ना दुकानदाराला. चांदणी चौकाजवळच्या भगीरथ पॅलेसच्या घाऊक बाजारातून निघालेली खोकी गल्लोगल्लीच्या दुकानांत पोहोचतात. तेथून चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या जातात, आणि बॅचचा क्रमांक छापलेला तुकडा पुष्कळदा दुकानातच राहतो. ज्याला पुढे कधी न्याय मागावा लागेल अशी शंकाही नसते, तो त्या क्षणी आपला मुख्य पुरावा मागे सोडून येतो. डॉक्टरांची चिठ्ठी, पावती आणि वेष्टन, ही तीन कागदे जपून ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आता प्रत्यक्ष कायद्याकडे वळू. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ग्राहकाला स्वस्त न्यायाचे दार उघडले, आणि १९९५ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवाही त्यात आणली. २०१९ चा नवा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्यात ‘उत्पादन-दायित्व’ असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सदोष घडण, सदोष रचना, प्रमाणापासून ढळणे, दिलेल्या हमीचा भंग, वापराविषयी पुरेशा सूचना वा इशारा नसणे, यांपैकी काहीही आढळले तर उत्पादक इजेला जबाबदार ठरतो. आपला निष्काळजीपणा नव्हता असे सांगून त्याला प्रत्येक वेळी सुटता येत नाही. औषधाच्या पीडिताला येथे आशा वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु त्याच प्रकरणातील ८७ वे कलम वाचावयास हवे. जे उत्पादन कायद्याने तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाचे असते, त्याबाबत उत्पादकाने त्या तज्ज्ञाला वाजवी रीतीने इशारा दिलेला असला, तर इशारा अपुरा असल्याच्या आधारावर उत्पादकावर दावा चालत नाही. चिठ्ठीवाचून न मिळणारे प्रत्येक औषध या वर्णनात बसते. म्हणजे कंपनीने डॉक्टरला सांगितले की तिचे काम झाले. मग डॉक्टरने रुग्णाला किती सांगावे? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिल्लीच्याच एका महिला रुग्णाच्या प्रकरणात दिले. तो वाद शस्त्रक्रियेच्या संमतीचा होता, पण त्यातील तत्त्व उपचारांना सर्वत्र लागू पडते. रुग्णाने विचारपूर्वक निर्णय घ्यावा इतकी माहिती डॉक्टरने द्यावी, परंतु दूरचे व केवळ तात्त्विक धोके सांगून त्याला घाबरवण्याची आवश्यकता नाही, असे ते तत्त्व. प्रत्येक न्याय स्वतंत्रपणे समंजस वाटतो. दोन्ही एकत्र ठेवले की चित्र बदलते. हजारात एकाला होणारी इजा कंपनी डॉक्टरला बारीक अक्षरांत कळवते आणि मोकळी होते. डॉक्टर ती दूरची म्हणून सांगत नाही आणि तोही मोकळा होतो. ज्या एकाला ती होते, तेवढाच त्यात अडकलेला राहतो. अनपेक्षित इजेची गोष्ट सोडाच, ठाऊक असलेल्या इजेचीही ही अवस्था आहे.

मुदतीचा व अधिकारक्षेत्राचा विचार थोडक्यात पुरे. तक्रार दोन वर्षांत करावी लागते. विलंबाचे कारण पटले तर ती उशिराही घेतात, पण ज्या औषधाचा परिणाम संथपणे उमटतो त्याच्या रुग्णाला दोन वर्षे कोठून मोजावयाची हा वाद टळत नाही. नव्या अधिनियमाने कोणत्या आयोगाकडे जावयाचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मोजलेल्या किमतीवर ठरवले. पन्नास लाखांपर्यंतच्या किमतीला जिल्हा आयोग. दोनशे रुपयांच्या गोळ्यांनी दृष्टी गेलेला माणूस म्हणून जिल्हा आयोगापुढेच उभा राहील. डॉ. साहांप्रमाणे त्याला थेट राष्ट्रीय आयोगाकडे जाता येणार नाही. शुल्क त्याला पडणार नाही, आणि घराजवळ सुनावणी होईल, हा त्यातला लाभ.

पण ज्याने दोनशे रुपयेही मोजले नाहीत त्याचे काय? २०२१ च्या जून ते नोव्हेंबर या काळात दिल्लीच्या कलावती सरन बालरुग्णालयात डेक्स्ट्रोमेथॉर्फन या खोकल्याच्या औषधाची बाधा झालेली सोळा मुले आली आणि त्यांतील तीन दगावली. हे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि दिल्लीच्या मोहल्ला दवाखान्यांतून ते लिहून दिले जात आहे, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्या डिसेंबरात दिल्ली सरकारला कळवले. हे दवाखाने तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य देत असत. १९९५ च्या ज्या निर्णयाने रुग्णाला ग्राहक मानले, त्यानेच असेही सांगितले की, जेथे सर्वांनाच सेवा मोफत मिळते तेथील रुग्ण ग्राहक नव्हे. गरिबाला औषध फुकट मिळते, आणि ते फुकट मिळाले म्हणून ग्राहक न्यायालयाचे दार त्याला बंद होते. त्याला उरतो तो उच्च न्यायालयातील रिट अर्ज किंवा मानवी हक्क आयोग. दोन्हीकडे शासनाची चूक उघड दिसावी लागते. वस्तुस्थितीचा वाद निघाला की ‘दिवाणी न्यायालयात जा’ हे उत्तर ठरलेले असते.

अशा परिस्थितीत एकदा शासनाने स्वतःच भरपाई ठरवण्याचा प्रयत्न केला, तो तपशिलाने पाहण्याजोगा आहे. तो गोळीचा नव्हे, कृत्रिम खुब्याच्या सांध्याचा होता. पण शरीरात बसवावयाचे असे भाग २००५ पासून कायद्याने ‘औषध’ या व्याख्येतच आणलेले होते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यु या शाखेने बनवलेले ‘एएसआर’ सांधे धातूवर धातू घासणारे होते. त्यातून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात उतरत आणि आजूबाजूचे स्नायू कुजवीत. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने ते जगभरातून परत मागवले. तोवर सुमारे ९३ हजार माणसांना ते बसवले गेले होते. भारतात त्यांची संख्या सुमारे ४७०० होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्येच मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली होती, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. अमेरिकेतील रुग्णांसाठी २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. भारतीय रुग्णांना तोपर्यंत मिळाला होता तो दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च, आणि तोही पुढे येऊन मागणाऱ्यांना.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रत्येक बाधिताला किमान वीस लाख रुपये द्यावेत अशी शिफारस तिने पुढल्या वर्षी केली. मग सफदरजंग रुग्णालयातील डॉ. आर. के. आर्य यांच्या समितीने वय आणि अपंगत्वाचे प्रमाण यांवर आधारलेले सूत्र बसवले. रक्कम काहींच्या बाबतीत एक कोटीच्या वर जात होती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचा मुख्य मुद्दा सरळ होता: अशी भरपाई द्यावयास लावण्याचा अधिकार सरकारला कोणत्या कायद्याने दिला? १९४० चा अधिनियम उलटून पाहिला तर असे कलम सापडत नाही. न्यायालयातला वाद मिटण्याची वाट न पाहता २०१९ च्या मे महिन्यात कंपनीने दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी पंचवीस लाख रुपये देण्याची तयारी दाखवली. समितीचे सूत्र, मंत्रालयाचे आदेश, वृत्तपत्रांतील गदारोळ, एवढे सगळे होऊनही सरकारच्या पायाखाली कायद्याची फळी नव्हती. रुग्णांच्या दृष्टीने हे पंचवीस लाख मोलाचे होते यात शंका नाही, पण कंपनीने ते देऊ केले, कायद्याने ते घेतले नाहीत.

आणि आता सर्वांत विलक्षण विसंगती. भारतीय कायद्याला दोष न शोधता भरपाई देणे अवगत नाही असे नव्हे. नव्या औषधांच्या मानवी चाचण्यांत तशी पद्धत चालू आहे. चाचण्यांतील मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका चालू असताना जानेवारी २०१३ मध्ये नियम आला, आणि २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांत तो कायम झाला. त्यात मृत्यूसाठीचे सूत्र असे आहे: आठ लाख रुपये ही मूळ रक्कम, तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने व धोक्याच्या गुणकाने गुणावयाचे आणि ९९.३७ ने भागावयाचे. वयाचे गुणक कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातून घेतले आहेत. सोळा वर्षे वयासाठी २२८.५४, पासष्ट व त्यापुढे ९९.३७. धोक्याचा गुणक मरणासन्न रुग्णाला अर्धा, निरोगी स्वयंसेवकाला चार. हिशेब मांडला तर रक्कम चार लाखांपासून सुमारे ७३ लाख ६० हजारांपर्यंत येते. इजा चाचणीमुळे झाली एवढे ठरले की पुरे. निष्काळजीपणा कोणाचा हा प्रश्न विचारला जात नाही, आणि आदेशानंतर तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात.

समजा, चाळीस वर्षांच्या एका निरोगी माणसाने चाचणीत एक औषध घेतले व तो दगावला. त्याच्या वारसांना या सूत्राने सुमारे ५९ लाख रुपये मिळतील. तेच औषध पुढे मंजूर झाले, दुकानात आले, आणि त्याच वयाच्या दुसऱ्या माणसाने ते विकत घेऊन त्याच परिणामाने प्राण गमावला, तर त्याच्या वारसांना सूत्र नाही, अधिकारी नाही, मुदत नाही. दोघांच्या शरीरात एकच द्रव्य गेले. मधल्या काळात घडले ते इतकेच की कोटला मार्गावरील कार्यालयातून एक परवाना निघाला. चाचणीतला माणूस शास्त्राची सेवा करतो, म्हणून त्याला अधिक संरक्षण, असा युक्तिवाद केला जातो. पण मंजुरीपूर्वी काही शेकडा किंवा काही हजार माणसांवरच औषध तपासलेले असते, आणि दशसहस्रांत एकाला होणारा परिणाम बाजारात आल्यावरच दिसतो. त्या अर्थाने दुकानातून गोळी घेणारे पहिले हजारो लोक त्याच चाचणीचा पुढचा भाग असतात. फक्त त्यांना तसे कोणी सांगितलेले नसते.

इतर देशांत हे पाऊल मोठ्या आपत्तीनंतरच पडले. पश्चिम जर्मनीत १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विकले गेले आणि हजारो मुले हातापायांविना जन्मली. उत्पादकांवरचा फौजदारी खटला १९७० मध्ये शिक्षेविनाच थांबवला गेला. कोणाची चूक किती हे न्यायालयात ठरवता ठरवता मुले मोठी होत होती. त्यानंतर १९७६ च्या औषध कायद्याने तेथे, चूक असो वा नसो, औषधाचा अपाय शास्त्राला मान्य मर्यादेपलीकडे गेला तर उत्पादक जबाबदार, असे तत्त्व आणले. जपानात क्लिओक्विनॉल या पोटाच्या औषधाने दहा हजारांहून अधिक माणसांच्या मज्जातंतूंना इजा झाली, कित्येकांची दृष्टी गेली. १९७० मध्ये त्यावर बंदी आली, १९७८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने शासन व कंपन्या दोघांनाही जबाबदार धरले. त्याच्या पुढल्या वर्षी जपानी संसदेने जो मार्ग काढला, तो आपल्या परिस्थितीला जर्मन मार्गापेक्षा अधिक मानवण्यासारखा वाटतो.

तेथे औषध-उत्पादकांच्या वार्षिक वर्गणीतून एक निधी उभारला गेला. ज्या कंपनीच्या औषधाने इजा झाली तिला अधिक भरावे लागते. औषध योग्य रीतीने वापरलेले असावे आणि इजा रुग्णालयात ठेवण्याइतकी तरी गंभीर असावी, एवढी अट. कर्करोगावरील औषधांसारखी ज्यांत धोका पत्करूनच उपचार घेतले जातात अशी काही औषधे वगळलेली आहेत. पीडित अर्ज करतो, तज्ज्ञांचे मंडळ कागद पाहून इजा औषधानेच झाली काय एवढे ठरवते, आणि वैद्यकीय खर्च, अपंगत्वाचे निवृत्तिवेतन किंवा वारसांना रक्कम मंजूर होते. जिथे कोणाची चूक असते ती प्रकरणे या निधीतून बाहेर राहतात व न्यायालयात जातात. म्हणजे ज्या तिसऱ्या प्रकारापाशी आपला कायदा थांबतो, नेमका तेवढाच त्या निधीने उचलला आहे.

अशा व्यवस्थेला लागणारे सामान आपल्याकडे विखुरलेले का होईना, उपलब्ध आहे. इजा औषधानेच झाली काय हे पाहणारे तज्ज्ञ गाझियाबादच्या कार्यक्रमाशी जोडलेल्या केंद्रांतून आहेत. रक्कम ठरवण्याचे सूत्र २०१९ च्या नियमांत छापलेले आहे. अपंगत्वाचे प्रमाण मोजण्याची रीत सांध्यांच्या प्रकरणात बसवून झाली आहे. निधीची वर्गणी कोणी, किती द्यावी, हजारो लहान उत्पादकांकडून ती वसूल कशी करावी, आणि मोफत औषधांच्या बाबतीत शासनाने स्वतःचा वाटा कसा उचलावा, हे प्रश्न खरोखरच बिकट आहेत, आणि त्यांची उत्तरे जपानच्या कायद्यातून जशीच्या तशी उचलता येणार नाहीत. पण ते सोडवावयास बसण्यापूर्वी १९४० च्या अधिनियमात, दोष सिद्ध झाला नाही तरीही इजा झालेल्याला भरपाई द्यावी, असे सांगणारे एक कलम असावे लागेल. दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे ते कलम संसदेलाच लिहावे लागेल.